समतेची नळी

अहो, आज धुणं झालं आणि बादलीतलं साबणाचं पाणी ओतून द्यायला माझा हात होईना. सवयीने बाजूला काढलं, वर ताट झाकलं, आणि मग ध्यानात आलं की ते मागायला आता कोणी येणार नाही. "गो, पानी टाकलंस तर न्हाय ना?" म्हणून मोरीच्या दारात तेलकट हातांनी कोण उभं राहणार? बादली अजून तिथेच आहे. असू दे.

परवा विहारात तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं खूप आली. नारपोलीतले टेंपोवाले आले, सुताला खळ लावणाऱ्या साइझिंगमधले आले, राहनाळच्या गोदामांतले हमालसुद्धा धुतलेले पांढरे सदरे घालून आले. एकेक जण उठून बोलत होता. कोणी म्हणालं, यशवंतराव शांत स्वभावाचे. कोणी म्हणालं, मितभाषी. मी सुजाताकडे बघितलं, सुजाताने माझ्याकडे, आणि तसल्या प्रसंगातही आम्हा मायलेकींना हसू आवरेना. पदर तोंडाला लावला म्हणून लोकांना वाटलं, रडतायत. तुम्ही आणि मितभाषी! बाहेर असाल. घरात पाय ठेवला की आमटीतल्या मिठापासून दिल्लीच्या सरकारपर्यंत एक गोष्ट सोडायचा नाहीत. मलाही बोला म्हणाले. उभी राहिले, जयभीम म्हटलं, आणि पुढे शब्दच फुटेना. तशीच खाली बसले. तेव्हा राहिलं ते आता इथे लिहितेय. सातवीपर्यंतचं माझं अक्षर तुम्हाला वाचता यायचं, एवढं बरं. आणि हे आधीच सांगते, मी तुमच्याशी भांडायला बसलेय. तुम्ही मला फसवलंत.

कसं फसवलंत ते सांगते, पण पहिल्यापासून. मी मधूनच सुरू केलं की तुम्हाला राग यायचा.

आपली नात विचारते, आजोबा काय काम करायचे? तिला सांगते, गाडीच्या खाली पोलादाचे लांब पाटे एकावर एक रचून बांधलेले असतात, त्याला कमान म्हणतात, भार सगळा तिच्यावर. ती बसली किंवा तुटली की लोक आजोबांकडे यायचे. सगळ्यात जास्त यायचे ते सलीमभाई. त्यांचा टेंपो म्हणजे तुमचा दुसरा संसारच होता. दिवसभर तो साइझिंगमधून सुताने भरलेले बीम, ते लोखंडी रूळ, उचलायचा आणि लूमच्या कारखान्यांत टाकायचा. एकेक बीम उतरवायला चार माणसं लागायची. आणि गल्लीत कोणी आजारी पडलं, कुणाचे दिवस भरले, की त्याच टेंपोत बाकडं टाकायचं, वर गोधडी, आणि गाडी कल्याणच्या हॉस्पिटलात. ॲम्ब्युलन्स आपल्या गल्लीत शिरायचीच नाही. सलीमभाईंनी कधी नाही म्हटलं नाही. जेवणावरून उठून गेलेले मी बघितलेत.

पण बीम उचलायचे तर कमान कडक हवी, पाटे जास्त हवेत. आणि तीच कडक कमान, टेंपो रिकामा असला की, खड्ड्यात अशी उडवते की आत निजलेल्याची हाडं खिळखिळी होतात. तुम्ही डोकं खाजवत म्हणायचात, "टेंपो एक हाय, कामं दोन. कमानीनं ऐकायचं कुणाचं?" त्या वेळी आम्ही हसायचो.

सुजाता पहिल्या खेपेला आपल्याकडे आली होती. सहावा महिना होता तिला. त्याच आठवड्यात टेंपोची कमान बसली म्हणून तुम्ही तिच्यात आणखी एक पाटा चढवला होता. दुपारी पोरीच्या पोटात दुखायला लागलं. टेंपोत घातली. कल्याणपर्यंतचा तो रस्ता मी तिचं डोकं मांडीवर घेऊन काढला, आणि तुम्ही पुढे बसून दर खड्ड्याला मागे वळून बघत होतात. बाळ राहिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समोर बसवून सांगितलं. गचक्यांनी झालेलं नाही, पोटात आधीच गेलेलं होतं, घरी निजून असती तरी हेच झालं असतं. मी ऐकलं. सुजाताने ऐकलं, जावयांनी ऐकलं. तुम्ही मात्र त्या बाईंच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलात. घरी आल्यावर जेवलात, झोपलात, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंत. पण सलीमभाईंचा टेंपो दारात आला की तुम्हाला दुसरंच काही काम निघायचं. "दुसऱ्याकडं न्या, माझ्याकडं टाइम न्हाय." सलीमभाई बिचारे मला विचारायचे, "भाभी, मुझसे कुछ गलती हुई क्या?" मी काय सांगणार? तुम्हाला किती वेळा म्हटलं, तुमचा पाटा नव्हता हो कारण. तुम्ही उठून बाहेर जायचात. पायात एक चप्पल, एक हातात.

पुढल्या वर्षी जावई पुन्हा गोड बातमी घेऊन आले. मी त्यांच्या तोंडात घालायला साखर शोधतेय, तर तुम्ही सदरा चढवून निघालातसुद्धा. कुठे म्हणून विचारलं तर "आलोच". आलात ते दिवस मावळता, हात हलवत. दुसऱ्या दिवशी तेच. कितव्या तरी फेरीला कुर्ल्याच्या भंगारातून गोणपाटात गुंडाळून दोन काळी धूडं आणलीत आणि माझ्या पुसलेल्या लादीवर ठेवलीत. रबराचे जाड फुगे. दोन भाकऱ्या एकावर एक ठेवाव्या तशी घडी, वर-खाली लोखंडाच्या टोप्या. कुठल्याशा परदेशी बसखालचे, म्हणालात. मी म्हटलं, "याचं कालवण करू की भाजी?"

तुम्ही हसला नाहीत. वर्षभराने पहिल्यांदा तुमचा चेहरा उजळलेला दिसत होता. उकिडवे बसून मला समजावायला लागलात, जणू मीच गिऱ्हाईक. "हे बघ. जादाचे पाटे काढून टाकायचे. कमान नरम करायची. तिच्या जोडीला दोन बाजूंना हे दोन फुगे. बीम असले की हवा भरायची, फुगे भार घेनार. पेशंट असला की हवा सोडायची, गाडी नरम. समजलं? टेंपो एक, कामं दोन, आनि कमान दोघांचं ऐकनार." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणालात, "सुजाताला पोचवीपर्यंत झालं पायजे."

पुढचे दिवस सलीमभाईंचा टेंपो आपल्या दारातच. वरची लोखंडी पाटी चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, खालची चाकांच्या ॲक्सलला, मधे फुगा. ऐकायला केवढं सोपं! एकदा फुगा टायरला घासला. एकदा ब्रेकच्या पाइपला. सगळं उतरवायचं, पाट्या कापायच्या, परत लावायचं. मग एका दुपारी गल्लीभर जळकट वास सुटला. शेजारची शबाना धावत आली, "भाभी, दूध जल रहा है आपका!" माझं दूध जाग्यावर होतं. तुमचा फुगा सायलेन्सरच्या धगीने भाजत होता. तेव्हा तुम्ही घरात शिरलात, माझा तांदळाचा डबा उचललात, तांदूळ परातीत ओतलेत आणि डबा कात्रीने उभा कापून सायलेन्सर आणि फुग्याच्या मधे आडोसा म्हणून लावलात. मी बोंबलत होते. डबा नवा होता हो! तुम्ही म्हणालात, "तांदूळ काय गोनीत ऱ्हात न्हाय?" त्या पावसाळ्यात सगळ्या तांदळात किडे झाले, ते कुणी निवडले ते विचारू नका.

आणि साबणाचं पाणी. हवा कुठून सुटते ते बघायला तुम्हाला माझ्या धुण्याचंच पाणी लागायचं. नुसता साबण पाण्यात कालवून देते म्हटलं तर नको, "तुझ्या पान्याला फेस चांगला हाय." कापडाच्या बोळ्याने जोडांना लावायचं आणि बघत बसायचं. तुमची नजर अधू झालेली आणि चष्म्याचं नाव काढलं की अंगावर यायचात. म्हणून बोळा तुमच्या हातात आणि डोळे माझे.

"बुडबुडा आला?"

"आला."

"कुठं?"

"तुमच्या नाकाखाली."

असं रोजचं चालायचं. सलीमभाई चहा पीत बसायचे आणि म्हणायचे, सिनेमा बघायला जायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. दोन फुगे, तर हवा भरायला दोन तोंडं असावीत ना? तुम्ही दोघांना एकाच नळीने जोडलंत. मागच्या बंपरखाली एकच व्हॉल, तिथून हवा भरली की दोन्हीकडे सारखी जाणार. सलीमभाईंनी विचारलं तर तुम्ही छाती काढून सांगितलंत, "आपल्यात सगळं समान. एकाला जास्ती, एकाला कमी, असं न्हाय चालायचं. ही समतेची नळी हाय." तुम्हाला ते नाव इतकं आवडलं की विहारात जाऊनसुद्धा सांगून आलात.

आणि मग चाचणी. पेशंट म्हणून कोण? मी! मला बाकड्यावर आडवी घातलीत, पोटावर पाण्याने भरलेली कळशी दिलीत आणि म्हणालात, "सांडली न्हाय पायजे." टेंपो कल्याण रोडला लागला. सरळ रस्त्यावर खरंच छान. खड्डा आला तरी कळशीत नुसती लाट. मनातून मी तुमचं कौतुक करत होते, आज कबूल करते. पण माझ्या माहेरच्या कोन गावचं ते वळण आलं आणि टेंपो जो एका अंगाला कलला, कलला, कलतच गेला! होडी कलते तसा. मी एका हाताने बाकडं धरलेलं, कळशी अख्खी माझ्या छातीवर रिकामी झाली, आणि मी जी किंकाळी फोडली ती रस्त्याच्या कडेला मासळी घेत उभ्या असलेल्या वहिनीने ऐकली. टेंपोत नणंद आडवी, ओलीचिंब, डोळे मिटलेले. मासळी तिथेच टाकून ती माऊली टाहो फोडत टेंपोमागे धावली. अख्खं कोन गोळा झालं. "कवा गेली? कशानं गेली?" मी उठून बसले तर दोघीतिघी मागे सरकल्या. तुम्ही पुढे सलीमभाईंच्या शेजारी काचेला डोकं टेकून खिदळत होतात. सलीमभाई तेवढे माफी मागत होते.

घरी आलो. कपडे बदलले, चहा ठेवला आणि मग म्हटलं, तुमच्या त्या नळीने घोळ केलाय.

"काय घोळ?"

"टेंपो एका अंगाला झुकला की त्या अंगाचा फुगा दबतो ना? मग त्यातली हवा नळीतून जाते कुठे? दुसऱ्यात. दबलेला आणखी दबतो, मोकळा आणखी फुगतो. झुकलेला झुकतच जाणार. दोघांना वेगवेगळं ठेवा, ज्याची हवा त्याच्याकडे राहू दे."

"तुला काय कळतं कमानीतलं?"

"मला निजवलं होतंत ना आत? मग मलाच कळणार. ज्याच्यावर भार आलाय त्याच्याच तोंडची हवा काढून मोकळ्याला देतेय तुमची नळी. ही कसली समता हो?"

तुमचा चहा तसाच राहिला. असे चिडलात की काय विचारता! मी विहारात बसून असलं शिकले का, आता बायका कमान बांधणार का, सगळं बोललात. मीही ऐकून घेतलं नाही. दोन दिवस आपण शबानाच्या पोराकरवी बोलत होतो. तो इकडून तिकडे निरोप आणायचा आणि दोन्हीकडून गूळ-शेंगदाणे खायचा. मग सुजाता बाळंतपणाला आली आणि भांडायला सवड राहिली नाही. नळी मात्र होती तिथेच. मी रोज येता-जाता बंपरखाली वाकून बघायची. हाच टेंपो, हेच वळण, आणि आत आता माझी पोर असणार.

एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. टेंपोत घातली. मी मागच्यासारखीच तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, तुम्ही मागच्यासारखेच पुढे. मागचं सगळं तिच्याही मनात असणार, कारण तिने माझं मनगट धरलं होतं ते सोडलं नाही. खड्डे गेले. टेंपो नरम चालला होता. कोन जवळ आलं तसं मी पाय टेंपोच्या पत्र्याला रोवले, बाकडं धरलं, पोरीला छातीशी आवळलं. वळण आलं. वळण गेलं. टेंपो जरासा झुकला आणि सरळ झाला. सुजाता म्हणाली, "आई, सोड ना, जीव घुसमटतोय."

हॉस्पिटलच्या दारात मी तुम्हाला विचारलं, काय केलंत? तुम्ही सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणालात, "काय न्हाय. सलीमनं सावकाश घेतला. तुझं आपलं उगाच." आणि मी, खुळी, ते खरं मानलं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्सने बाळ बाहेर आणलं तर आजोबांचा पत्ता नाही. शोधलं तर तुम्ही आवारात टेंपोखाली उताणे. पाय तेवढे बाहेर. जावयांनी पायाला धरून ओढून काढलं तुम्हाला. डोळे लाल होते. धूळ गेली म्हणालात. त्या रात्री घरी आल्यावर मी स्वतःहून म्हटलं, जाऊ दे, नळीचं तुमचंच खरं होतं. तुम्ही मोठ्या मनाने म्हणालात, "असू दे. चुकतं मानूस." मोठ्या मनाने! अहो, आठवलं तरी अंगाची लाही होते.

मग इतकी वर्षं दर रविवारी तो कार्यक्रम. सलीमभाई टेंपो लावायचे. तुम्ही पाण्याने फुग्यांवरचा चिखल धुवायचात, घडीत अडकलेले खडे केरसुणीच्या हिराने काढायचात, कारण खडा राहिला की रबर चिरतं. डिझेलचा हात लागू द्यायचा नाहीत. कुणी हवा पूर्ण सोडलेली दिसली की त्याची खैर नाही, "रिकामा फुगा घडीत चिमटतो, कितीदा सांगू!" आणि शेवटी साबण. माझ्या वाट्याला नळी आणि बंपरखालचा व्हॉल. वरचे जोड "मी बघतो, तुझा हात न्हाय पोचायचा." मी मन लावून नळीला साबण लावायची. एकदाही बुडबुडा आला नाही. मी म्हणायची, नळी मात्र पक्की हो तुमची. तुम्ही म्हणायचात, "मग! समतेची हाय." आणि सलीमभाईंना त्याच वेळेला नेमका ठसका लागायचा. मला वाटायचं, विड्या फार ओढतात.

नात चालायला लागली, शाळेत जायला लागली. त्या बाकड्यावरून गल्लीतली किती माणसं गेली आणि आली. शबानाची सून गेली, तिला जुळं झालं. तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत, पण टेंपो परत आला की आधी विचारायचात, "बरी हाय ना? गचके न्हाय ना लागले?" दर वेळी. आणि ऐकून घेतल्यावर मगच हातोडा उचलायचात. ते प्रत्येक वेळी विचारणं कशासाठी होतं ते मला कळत होतं. जुना पाटा तुमच्या मनातून काही निघाला नव्हता.

यंदा कावीळ झाली. भाऊबंदांनी झाडपाला आणला, मी उसाचा रस आणला, डोळे हळदीसारखे व्हायला लागले तेव्हा त्याच टेंपोतून तुम्हाला कल्याणला नेलं. तुम्ही बाकड्यावर निजूनसुद्धा सलीमभाईंना ओरडत होतात, "मागची हवा बघितली काय?" मी म्हटलं, गप पडा आता, तुम्ही आज पेशंट आहात. खुदकन हसलात. तिथे किती दिवस मी तुमच्या उशाशी होते. आमटीत मीठ नाही म्हणालात. सरकारचं काही खरं नाही म्हणालात. नळीबद्दल एक अक्षर नाही. वेळ नव्हता म्हणू नका. मुद्दाम नाही सांगितलंत.

त्या दिवशी सकाळी सगळं संपलं. तुम्हाला घरी आणायला सलीमभाई आले. राहनाळला कापडाच्या गाठी टाकून धावत तसेच आले होते, मागच्या फुग्यांत हवा गच्च भरलेली, रिकामा टेंपो उंच उभा. तुम्हाला आत ठेवण्याआधी हवा सोडायला हवी होती. "भाभी, हवा निकालनी पड़ेगी," एवढं म्हणाले आणि चाकाला टेकून लहान मुलासारखे रडायला लागले. मी म्हटलं, मी सोडते. सुजाता ओरडली, आई, तू काय करतेस, कुणीतरी करेल. पण तुमचं ते काम मी दुसऱ्या कुणाला करू देणार नव्हते. केसातली पिन काढली, बंपरखाली वाकले आणि व्हॉल दाबला.

हूं नाही की चूं नाही. पुन्हा दाबला. काही नाही. मला वाटलं, आता हेही बिघडलं, तुम्ही गेलात आणि सगळंच बिघडलं. तिथे जमिनीवर बसून मी पहिल्यांदा रडले. तेव्हा सलीमभाई जवळ आले, मान खाली घालून म्हणाले, "भाभी, वो तो कब का बंद है।"

"कब का म्हणजे?"

"सुजाता बेटी को ले गए थे ना, उसके एक दिन पहले से।"

आत वर हात घालून त्यांनी दाखवलं. प्रत्येक फुग्याला त्याचा स्वतःचा व्हॉल. नळीच्या दोन्ही टोकांना आतून बोल्ट ठोकलेला. नुसती शोभेची नळी. इतकी वर्षं दर रविवारी मी मेलेल्या नळीला साबण लावत होते, आणि तुम्ही बाजूला उभे राहून बघत होतात!

"उस्ताद ने कसम दी थी, भाभी को मत बताना," सलीमभाई सांगायला लागले. पोरीला न्यायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः बाकड्यावर निजलात, त्यांना टेंपो कोनच्या वळणावरून पुन्हा पुन्हा न्यायला लावलात. मग उठून म्हणालात, "सलीम, घरवाली की बात सही है। इसमें मेरी नाक जाती है तो जाने दे, बेटी नहीं जानी चाहिए।" तिथेच रस्त्याच्या कडेला टेंपोखाली शिरलात आणि सगळं बदललंत.

नाक जाऊ दे म्हणालात, पण नाक काही जाऊ दिलं नाहीत हो तुम्ही! हॉस्पिटलच्या आवारात, लोक बघत असताना, मला रडता रडता हसू आलं. सुजाताला वाटलं, आईचं डोकं फिरलं. मी म्हटलं, फिरलं नाही, मी जिंकलेय, आणि ज्याला सांगायचं तो तिकडे स्ट्रेचरवर आहे.

मग मी आडवी होऊन टेंपोखाली गेले. आधी डाव्या फुग्याची हवा सोडली, मग उजव्या. टेंपो हळूहळू खाली बसला. सलीमभाई म्हणाले, सगळी काढा, उस्तादांचं वजन ते काय राहिलंय. मी थोडी ठेवली. रिकामा फुगा चिमटतो, माहीत आहे मला.

कोनच्या वळणावर वहिनी उभी होती. निरोप पोचला होता तिला. मागच्या वेळी फुकट रडली होती बिचारी. मी नेहमीसारखं एका हाताने बाकडं धरलं आणि दुसऱ्याने तुम्हाला. टेंपो वळला आणि सरळ निघून गेला. तुम्हाला धरायची गरजच पडली नाही.

काल सलीमभाई विचारत होते, ती जुनी नळी आता काढून टाकू का? मी म्हटलं, हात लावून बघा. आज रविवार आहे. त्यांचा टेंपो खाली उभा आहे, हॉर्न वाजवायचा त्यांना धीर होत नाहीये. पाणी मी टाकलेलं नाही. बादली घेऊन मीच उतरतेय. आज वरच्या दोन व्हॉलना साबण लावणार, माझा हात पोचतो तिथे, मी बघून आलेय.

तुमचं एक गुपित मला कळलं, आता माझं तुम्ही ऐका. या वेळी उठून बाहेर जाता येणार नाही तुम्हाला. सुजाता तुमच्या टेंपोतून गेली आणि पोर घेऊन घरी आली. पहिल्या वेळी तुमचा पाटा नव्हता, अहो. त्याचं आता तरी सोडा.